पंचनाम्यावर सही माझी आहे, पण फोनवर ऐकलं ते त्यात नाही

जाईजुई
पुढच्या महिन्यात मला कोर्टात साक्षीला जायचं आहे. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखालची पाच वर्षांपूर्वीची केस आहे आणि मी त्यात पंच आहे. शहराचं आणि पोलीस ठाण्याचं नाव देत नाही, कृपया कोणी विचारू नका.

मी एका निमसरकारी कार्यालयात लिपिक आहे. एका दुपारी साहेबांनी बोलावून सांगितलं की पोलिसांचं पत्र आलंय, पंच म्हणून एक बाई हवी आहे, तुम्ही जा. कशासाठी ते तिथे गेल्यावर कळलं. तिशीतला एक मुलगा बसला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. हा बोगस गिऱ्हाईक. पोलीस आपसात त्याला पंटर म्हणत होते. पाचशेच्या चार नोटा टेबलावर मांडल्या, त्यांचे नंबर आम्हा दोन्ही पंचांना वाचून दाखवले, कागदावर उतरवले. त्याची अंगझडती घेतली, त्याच्याकडे दुसरे पैसे नाहीत हे आमच्यासमोर झालं.

मग त्याने स्पीकरवर फोन लावला. पलीकडे एक बाई होती. म्हणाली, आज कोणी नाही, उद्या या. हा म्हणाला, उद्या मी गावी चाललोय. ती म्हणाली, मग नाही जमायचं, आणि तिने फोन ठेवला. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. अधिकाऱ्यांनी मान हलवली, त्याने परत लावला. दोनाचे तीन देतो म्हणाला. ती थोडी थांबली. "एकजण आहे, ती यातली नाही, पण तिला पैशांची नड आहे. विचारून सांगते." दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. या म्हणाली. मग आणखी दोन नोटा काढल्या आणि त्यांचे नंबर खाली लिहिले.

पुढचं सगळं पेपरात वाचतो तसंच. त्याने मिस्ड कॉल दिला, आम्ही जिना चढलो. आत पलंगाच्या कडेला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक बाई बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. कोणी तिच्या अंगाला हात लावला नाही, शिवीगाळ झाली नाही, दोन महिला पोलीस होत्या, हे मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे. तिने मला विचारलं, "ताई, तुम्ही पोलीस आहात का?" मी नाही म्हटलं. "मग तुम्ही इथे कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. मुलाला शिकवणीतून आणायची वेळ झाली होती, ती सारखी घड्याळ बघत होती.

कागदावर ती "पीडित महिला". तिला संरक्षणगृहात पाठवलं, वर्षभरासाठी, असं मला नंतर दुसऱ्या पंचाकडून कळलं. पंचनाम्यात वाक्य आहे: "सदर महिलेने मुलगी पुरविण्याची तयारी दर्शवून रु. ३००० ची मागणी केली." पहिला फोन कुठेच नाही. मी सही केली, कारण रात्रीचे साडेदहा झाले होते आणि घरी सासूबाई एकट्या होत्या.

आता मी काय करू? आणि मुळात हे पोलिसांनी गुन्हा पकडणं झालं की गुन्हा घडवणं?

भीमथडी
जे ऐकलं ते सांगा. बाकी वकील बघतील.

राघूमैना
ताई, तुमचं मन दुखलं हे समजतं, पण ती फोनवरची बाई काही साधीसुधी नव्हती. तिच्याकडे नंबर होते, दर होते, "आज कोणी नाही" याचा अर्थ इतर दिवशी असतं. आमच्या सोसायटीत असा फ्लॅट दोन वर्षं चालला. शाळेतून येणाऱ्या मुलींना लोक जिन्यात अडवून विचारायचे. तक्रारी करून आम्ही थकलो होतो. शेवटी असाच सापळा लावला तेव्हा तो बंद झाला. बोगस गिऱ्हाईक पाठवलं नसतं तर पोलिसांनी काय दार ठोठावून विचारायचं होतं?

वकीलकाका
जाईजुई, आधी तुमच्या भीतीबद्दल. पंचनाम्यात नसलेली गोष्ट साक्षीत सांगणं हा गुन्हा नाही. तुमची शपथ खरं सांगण्याची आहे, पंचनामा पाठ म्हणण्याची नाही. सरकारी वकिलांना ते अडचणीचं वाटलं तर ते तुम्हाला फितूर ठरवून उलटतपास घेण्याची परवानगी मागतील. शब्द कानाला वाईट लागतो, पण फितूर म्हटल्याने साक्ष पुसली जात नाही. तिच्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय वापरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. आरोपीच्या वकिलांना मात्र आधी भेटू नका. समोरून फोन आला तरी नाही.

तुम्हालाच का नेलं हेही सांगतो. कलम १५ नुसार झडतीला त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात, त्यात निदान एक स्त्री. स्त्री पंच वस्तीतलीच हवी ही अट मात्र नाही. आजूबाजूची बाई अशा कामाला येत नाही हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून तुमच्यासारखी कार्यालयातली ताई शोधतात.

आता मोठा प्रश्न. "मला जाळ्यात ओढलं म्हणून मी निर्दोष" असा सरसकट बचाव आपल्या कायद्यात लिहिलेला नाही. पण आपली न्यायालयं सापळ्यांचे दोन प्रकार करत आली आहेत. गुन्हा आधीच घडत आलाय आणि पोलीस फक्त पुरावा गोळा करतायत, तो एक. पोलिसांनीच बी पेरलं, पाणी घातलं आणि मग पीक कापलं, तो दुसरा. १९५४ चा शिवबहादूर सिंग खटला बघा. विंध्य प्रदेशचे उद्योगमंत्री, पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणीचं प्रकरण, २५ हजारांची लाच. लाच देणारा स्वतः पैसे आणायला तयार नव्हता, ते पोलिसांनी उभे केले. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली, पण पोलिसांनी स्वतः पैसे पुरवून गुन्हा घडू देण्यावर नापसंती नोंदवली. दोनच वर्षांनी रामजनम सिंग खटल्यात न्या. विवियन बोस यांनी याहून कडक शब्दांत लिहिलं की चांगल्यातल्या चांगल्या माणसाच्याही आयुष्यात दुबळे क्षण येतात, आणि माणसाला मोहात ढकलणं हे पोलिसांचं काम नव्हे.

तुमच्या केसमध्ये फोनवरच्या बाईसाठी हा पहिला प्रकार ठरेल असं मला वाटतं. राघूमैना म्हणतात त्यात तथ्य आहे. पण पलंगावरच्या बाईचं काय? ती "यातली नाही" हे पुरवणारीनेच सांगितलं होतं. तिला त्या खोलीत आणणारी गोष्ट एकच, त्या वाढीव दोन नोटा.

आणि एक बारीक गोष्ट. पंचनाम्यात नोटांचे नंबर कसे लिहिलेत? सहाच्या सहा एका ओळीत, की चार वर आणि दोन नंतर?

जाईजुई
काका, माझ्याकडे प्रत नाही. पण आठवतं त्याप्रमाणे "तसेच आणखी दोन नोटा" अशी वेगळी ओळ होती. फोननंतर लिहिली म्हणून.

वकीलकाका
मग पहिला फोन पंचनाम्यातही आहे. कोणी वाचला नाही एवढंच.

निवृत्तफौजदार
मी तीस वर्षं खात्यात काढली, त्यातली काही याच कामात. माझंही ऐका.

बाहेरून सोपं दिसतं. आतली बाई कधी तक्रार द्यायला येत नाही. शेजारी साक्ष देत नाहीत. गिऱ्हाईक तर नाहीच नाही, त्याला बायकोपोरं असतात. मग पुरावा आणायचा कुठून? पंटरशिवाय दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही. एकदा एका माळ्यावर, पत्र्याच्या पेट्यांच्या मागे, फळी लावून केलेल्या कप्प्यातून आम्ही तेरा वर्षांची पोर बाहेर काढली. तिला उजेड सहन होत नव्हता. ती आत आहे हे आमच्या पंटरनेच "लहान आहे का कोणी" असं विचारून काढून घेतलं होतं. आता सांगा, तो प्रश्न विचारायला नको होता का?

पण ताईंनी सांगितलं ते मी माझ्या हाताखालच्यांना करू दिलं नसतं. आमचा दंडक होता: समोरचा जे विकतोय तेच मागायचं, त्याच्याच भावात मागायचं. नाही म्हणाला की उठून यायचं, दुसऱ्या दिवशी परत जायचं. भाव चढवला की कोर्टात केस पडते हे एक, आणि दुसरं म्हणजे आपण कोणाला आत ओढलं हे आपल्यालाच कळत नाही. हल्ली महिन्याला किती कारवाया झाल्या याचा तक्ता जातो. दुसऱ्या दिवशी परत जायला वेळ कोणाकडे आहे? हे मी खात्याची बाजू म्हणून सांगत नाही, मला त्याचं वाईट वाटतं म्हणून सांगतो.

टेक्सासकर
इथे ह्यूस्टनजवळ राहतो. अमेरिकेत जाळ्यात ओढल्याचा बचाव खरोखर आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पहिल्यांदा मान्य केला तो दारूबंदीच्या काळात. १९३२ चा सॉरेल्स खटला. नॉर्थ कॅरोलिनातला एक माणूस, पहिल्या महायुद्धात लढून आलेला. दारूबंदीचा अधिकारी प्रवासी बनून त्याच्या घरी गेला आणि आपणही त्याच तुकडीत होतो असं सांगून लढाईच्या आठवणी काढत बसला. दारू मागितली, नाही म्हणाला. परत मागितली, नाही. तिसऱ्यांदा मागितल्यावर जुन्या सोबत्यासाठी म्हणून त्याने कुठूनशी आणून दिली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा बचाव ज्यूरीसमोर जायला हवा होता. तेव्हापासून मुख्य प्रश्न असा असतो की या माणसाचा कल आधीपासून होता का, की सरकारने निर्माण केला?

जाईजुई यांच्या पहिल्या फोनमधलं "नाही" वाचून मला तेच तिसऱ्यांदा मागणं आठवलं.

पण इथे आदर्श आहे असं समजू नका. रस्त्यावरच्या केसेसमध्ये हा बचाव क्वचितच टिकतो, कारण आधीची एखादी अटक दाखवली की कल सिद्ध झाला. हवाईमध्ये तर २०१४ पर्यंत कायद्यात अशी सूट होती की तपासाच्या नावाखाली पोलिसाने संबंध ठेवले तरी तो गुन्हा नाही. ओरड झाल्यावर ती काढली. टेक्सासमध्ये २०२१ पासून पैसे देऊन संबंध मागणारा पहिल्याच वेळी गंभीर गुन्ह्याचा आरोपी होतो, त्यामुळे इथे महिला पोलीस उभी करून गिऱ्हाइकांना पकडण्याचे सापळे जास्त दिसतात. इंग्लंडमध्ये बचाव म्हणून नाही, पण पोलिसांनी मर्यादा ओलांडली असेल तर न्यायालय खटलाच थांबवतं, २००१ च्या लूझली निकालापासून हे पक्कं झालं. कसोटी साधी आहे: कोणीही सर्वसाधारण गिऱ्हाईक वागलं असतं त्यापेक्षा पोलीस जास्त काही करत होता का?

राघूमैना
त्या कसोटीवरही प्रश्न राहतोच की. सर्वसाधारण गिऱ्हाईक पण हजार रुपये वाढवतंच.

टेक्सासकर
खरं आहे. पण सर्वसाधारण गिऱ्हाइकाच्या मागे जिन्यात सहा पोलीस उभे नसतात, आणि त्याचे हजार रुपये सरकारी नसतात.

कृष्णाकाठ
मी सांगली भागात आरोग्याच्या कामात बरीच वर्षं बायकांसोबत आहे. इथे सगळे सापळा बरोबर की चूक यावर बोलताय. सापळ्यानंतर काय होतं ते मी सांगते, कारण आमच्याकडे बायका त्या टप्प्यावर येतात.

बाईला आरोपी करत नाहीत, पीडित म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण आरोपीला जामीन मागता येतो, पीडितेला जामीन हा शब्दच नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात, वैद्यकीय तपासणी होते, चौकशी अधिकारी गावाकडे पत्र पाठवतात. त्या पत्रामुळे गावाला कळतं! कलम १७ खाली तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. मालकीण पंधरा दिवसांत जामिनावर बाहेर, आणि जिची "सुटका" झाली ती आत. मुलं शेजारणीकडे. खोलीचं भाडं चढतंय, बचत गटाचा हप्ता थकलाय. मग बाईला बाहेर काढायला वकील कोण देतं? बहुतेक वेळा तीच मालकीण. त्या वकिलाची फी बाईच्या नावावर कर्ज म्हणून लिहिली जाते, आणि बाहेर आली की ते फेडायला ती त्याच दारात जाते. धंद्यात नवी असलेली बाई अशा वाटेने पक्की होते. हे मी एकदा नाही, खूप वेळा पाहिलंय.

फौजदारसाहेब, तेरा वर्षांच्या पोरीबद्दल तुमच्या पाया पडेन. अज्ञान मुलीच्या बाबतीत सापळाच काय, भिंत फोडा. आमच्या बायका स्वतः अशा मुलींची खबर देतात. पण तुमच्या तक्त्यात ती पोर आणि ताईंनी पाहिलेली बाई एकाच रकान्यात पडतात, "सुटका केलेल्या महिला" म्हणून. त्याला माझी हरकत आहे.

वकीलकाका
कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. एकाच वकिलाने दलालाची आणि सुटका झालेल्या अज्ञान मुलीचीही बाजू मांडू नये, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये "प्रेरणा" संस्थेच्या याचिकेवर सांगितलं ते याच साखळीमुळे. सज्ञान बायकांसाठी महत्त्वाचा निकाल सप्टेंबर २०२० चा, न्या. पृथ्वीराज चव्हाण यांचा. मालाडच्या एका गेस्ट हाउसमध्ये सापळा लावून तीन तरुणी ताब्यात घेतल्या होत्या, तिघी विशीतल्या. खालच्या न्यायालयाने त्यांना आपापल्या आईच्या ताब्यात द्यायला नकार दिला, वर्षभर गृहात ठेवा म्हटलं. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वेश्याव्यवसाय हा स्वतःहून या कायद्याखाली गुन्हा नाही, गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागी किंवा तिच्याजवळ तो करणं, गिऱ्हाईक हाकारणं. आणि सज्ञान स्त्रीला कुठे राहायचं हे ठरवायचा हक्क आहे, तिला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना सांगितलं की संरक्षणगृहांची पाहणी करा, इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना ठरलेल्या वेळेत सोडा.

त्यातलं गिऱ्हाईक हाकारणं, म्हणजे कलम ८, वाचून बघा. खिडकीत किंवा गॅलरीत बसून लक्ष वेधलं तरी बाईला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. हाच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने. पंटर फुटपाथवर जाऊन "येतेस का" विचारतो, ती "हो" म्हणते, आणि फिर्यादीत लिहिलं जातं की तिने इशारा केला. तिथे गुन्ह्याचं पहिलं वाक्य सरकारी माणसाने उच्चारलेलं असतं. मी अशा केसेस चालवल्या आहेत. पाचशे रुपये दंड भरून बाई मोकळी होते, कारण लढायला तीन तारखा लागतात आणि तीन तारखांची रोजी बुडते.

भीमथडी
थोडं अवांतर. पोलिसांच्या सापळ्याला निदान पंच असतात. २००७ मध्ये दिल्लीत एका सरकारी शाळेतल्या शिक्षिकेवर एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने सापळा दाखवला, ती विद्यार्थिनींना धंद्याला लावते म्हणून. जमावाने शाळेबाहेर त्या बाईंना मारलं, कपडे फाडले, नोकरी गेली. नंतर निघालं काय, की विद्यार्थिनी म्हणून दाखवलेली मुलगी विद्यार्थिनी नव्हतीच, सगळा बनाव. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, वाहिनी महिनाभर बंद ठेवली गेली. तिथे जाईजुईसारखी कोणी शेजारी उभी असती तर एवढं झालं नसतं. म्हणून ताई, तुमचं तिथे असणं फुकट नाही. ती बाई म्हणाली ना, तुम्ही इथे कशाला? यासाठीच.

निवृत्तफौजदार
कृष्णाकाठताई, रकान्याबद्दलचं तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. आमच्या वेळी बाईला गृहात पोचवलं की आमचं काम संपलं असं आम्ही धरायचो. त्या तेरा वर्षांच्या पोरीला भेटायला मी दोनदा गेलो. बाकीच्यांपैकी एकीलाही नाही.

जाईजुई
सगळ्यांचे आभार. काल साक्ष झाली.

सरतपासात सही ओळखायला लावली, पंचनामा वाचून दाखवला, बरोबर आहे का विचारलं. मी म्हटलं, लिहिलंय तेवढं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. सरकारी वकिलांनी वर बघितलं. मी दोन्ही फोन सांगितले. न्यायाधीश बाई होत्या, त्या टंकलेखकाला सावकाश सांगत होत्या आणि "ती यातली नाही" हे शब्द त्यांनी मला दोनदा विचारून घेतले. मला फितूर म्हणायची परवानगी मागितली गेली नाही. फक्त विचारलं, एवढी वर्षं हे कोणाला का सांगितलं नाही? मी म्हटलं, कोणी विचारलं नाही.

आरोपीच्या वकिलांनी नोटांची ओळ काढली. काका, तुम्ही म्हणालात तशीच होती, चार वर, मग एक वाक्य, मग दोन. मला वाटलं आता ते पलंगावरच्या बाईबद्दल विचारतील. पण त्यांची अशील फोनवरची बाई. ती त्या दिवशी तयार नव्हती, पोलिसांनी तिला भाग पाडलं, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरीचं नाव त्यांनी घेतलं नाही, सरकारी वकिलांनीही नाही.

ती आली नव्हती. तिच्या नावाचं समन्स दोनदा परत आलंय, "दिलेल्या पत्त्यावर मिळून आली नाही" असा शेरा मारून. शिपायाने सांगितलं, या केसेसमध्ये असंच असतं. कृष्णाकाठ, मला तिच्या मुलाचं शिकवणीचं घड्याळ आठवत राहतं. तो आता बारा-तेरा वर्षांचा असेल.

पुढच्या तारखेला पंटरची साक्ष आहे. माझी झाली असल्यामुळे मला मागे बसून ऐकता येईल का? रजा टाकली आहे.

वकीलकाका
येईल. सहसा कोणी अडवत नाही. अकराच्या आधी पोचा, बोर्डावर नंबर कितवा आहे बघा, आणि डबा न्या.